तीन हातांचा दाणा

खाटकानं पिशवीतून सोललेला ससा काढला आणि मी भाजी निवडत बसले होते त्याच बाकावर उताणा ठेवला. मी ताट मागं ओढलं.

"दादा, इथं जेवायला बसतो आम्ही."

"म्हणूनच इथं ठेवला, वहिनी. जेवणाऱ्या माणसांनी बघावं म्हणून."

हा खाटीक तसा वाईट माणूस नाही. मी या घरात सून म्हणून आले त्याच्या आधीपासून आमचे ससे तोच घेतो. नाक्यावर त्याचं दुकान आहे आणि दुकानातला निम्मा माल रस्त्यावरच्या खानावळीत जातो. आवाज चढवून बोलणं त्याला माहीत नाही. त्या दिवशीही त्यानं आवाज चढवला नाही, नुसतं दोन बोटांनी सशाचं पोट फाकवून दाखवलं.

"गुर्दा कुठाय, सांगा बघू."

मी वाकून बघितलं. आत सगळी पिवळट चरबी. गुर्दा तिच्यात कुठंतरी गडप झालेला.

आमचे हे सशांच्या शेडमधून हात पुसत आले. सासरे पडवीच्या कोपऱ्यात खाटेवर बसलेले होते, ते बसूनच राहिले.

"पण वजन बघा की," हे म्हणाले. "इतकं वजन आधी कधी भरायचं का? आणि तेही इतक्या लवकर?"

"वजन मला नका दाखवू. वजन दगडालापण असतं." खाटकानं सशाच्या मांडीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. "हे बघा. सैल. शिजवलं की पातेल्यात बोटभर तवंग आणि खाली चोथा. खानावळवाला मला विचारतो, ससा दिलास का साबण दिलास."

एरवी मी हसले असते. या घरात तोंडाळ म्हणून माझीच ख्याती. पण सासूबाई गेल्यापासून हसण्याचं यंत्र बिघडलं होतं, रडण्याचंही. सकाळी उठायचं, चूल पेटवायची, रात्री विझवायची. आत काही हलत नव्हतं.

"खाद्याच्या गोळ्यांचं पोतं बदललं का?" खाटकानं विचारलं.

"नाही. तेच."

"हिरवं?"

"मागच्या वाफ्यातला लसूणघास. तोच नेहमीचा."

"जात?"

"जात कशी बदलेल? त्याच माद्या आहेत."

खाटकानं सशाचं पोट बोटांनी पुन्हा मिटवलं. मग म्हणाला, "मग वेळ बदलली असणार. मोठी बाई होती तेव्हा असा माल एकदाही..."

तो तिथंच अडकला, पण व्हायचं ते झालं होतं. सासरे खाटेवरून उठले, पायात चपला सरकवल्या आणि मागच्या वाफ्याकडे निघून गेले. यांनी छताच्या पत्र्याकडे बघितलं. मी भाजीतला एक किडका देठ उगाच दोनदा खुडला. सासूबाईंचं नाव नव्हे, त्यांचा नुसता उल्लेखसुद्धा घरात होत नव्हता. कुणी ठरवलं नव्हतं तसं. आपोआप झालं होतं.

खाटकालाही अवघडल्यासारखं झालं. त्यानं ससा पिशवीत भरला. "राग मानू नका. आत्ता जी पिल्लं आईपासून तोडलीत, ती वाढू द्या. तो माल मी बघतो. तोही असाच निघाला तर मला दुसरीकडून घ्यावा लागेल. खानावळवाला माझाही धनी आहे."

"बरं," हे म्हणाले.

तो गेल्यावर हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्यानं माल बंद केला तर शेडमध्ये काही राम नाही. खडी मशीनवरच्या मुकादमाशी बोलून ठेवलंय मी. तिकडंच राहायचं, महिन्याकाठी एखादी चक्कर."

"बरं," मी म्हटलं.

बरं म्हटलं खरं. हे गेले की घरात कोण, तर मी आणि सासरे. म्हणजे दोन मुके. रोज संध्याकाळी एकमेकांसमोर ताटं ठेवून खाली बघत जेवायचं, आणि ते कधी संपणार ते कुणाला माहीत नाही. शेड टिकावी असं मला ज्या कारणासाठी वाटत होतं, ते हे कारण. बाकी सशांचं मला फार कौतुक आहे असं नाही. चावतात मेले.

सासूबाईंची पद्धत अशी होती. सकाळी घास, तोही आदल्या दिवशी कापून सावलीत मरगळू दिलेला, ओला नाही. वाळलं गवत मात्र कायम पुढ्यात. दिवसभर दाण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत. "दिवसा ससा झोपतो, त्याला झोपू द्या. त्याचं पोट रात्री चालतं," असं म्हणायच्या. मग दिवे लागायच्या वेळेला पत्र्याचा एक डबा घेऊन त्या शेडमध्ये शिरायच्या. प्रत्येक पिंजऱ्याला एक डबा, चेपून नाही, सपाट. पण घालायच्या आधी त्या डबा दाराच्या लोखंडी खांबावर वाजवायच्या. तो आवाज ऐकला की सगळे ससे मागच्या पायांवर उभे राहायचे. आणि आम्ही घरातले हात धुवायला उठायचो, कारण सशांचं झालं की माणसांचं, असा नेम होता. एकदा हे लाडात येऊन म्हणाले, "आई, तुझ्या लेखी आम्हीपण पिंजऱ्यातलेच." त्या म्हणाल्या, "ते बरे. ते ताट बघून नाक मुरडत नाहीत."

थंडीच्या सुरुवातीला ताप आला आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. डबा खिळ्याला अडकवलेला होता तो तसाच राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

खाटीक येऊन गेला त्याच दिवशी मी पीठ आणायला गिरणीवर गेले. निघायच्या आधी, दुपार कलताना, सशांना दाणा घालून गेले. रोज मी तेव्हाच घालायची, वाडग्यानं. दिवेलागणीला शेडमध्ये पाय टाकायचा धीर मला होत नव्हता, म्हणून उजेड असतानाच उरकून घ्यायची. गिरणीचा पट्टा तुटला, रांग लांबली. परत आले तेव्हा दिवस मावळला होता. गार वारा सुटला होता आणि शेडचा सुटलेला पत्रा खडखड वाजत होता. आतला दिवा चालू दिसला. वाटलं, मीच विसरले. पिठाचा डबा डोक्यावरच ठेवून बंद करायला गेले.

आत सासरे होते. एका हातात पितळी भांडं, दुसऱ्या हातानं पिंजऱ्याच्या भांड्यात गोळ्या सोडत होते. सशांच्या भांड्यांत मी घातलेलं अजून शिल्लक होतं. त्यावर ते आणखी घालत होते.

"बाबा," मी म्हटलं, "मी घातलंय."

ते दचकले. थोड्या गोळ्या खाली सांडल्या.

"कधी?"

"दुपारी. रोज घालते."

"रोज?"

"मग? कोण घालणार?"

त्यांनी हातातलं भांडं पुढं केलं. "मी घालतो ना. दिवे लागले की. ती घालायची तेव्हाच."

तेवढ्यात मागं पाऊल वाजलं. दारात आमचे हे, हातात चहाचा मोठा कप, काठोकाठ गोळ्यांनी भरलेला.

आम्ही तिघं तीन भांडी घेऊन उभे. म्हणजे दोघांकडे दाणा आणि माझ्या डोक्यावर पीठ. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या घरात लग्नकार्य आहे.

"तुमचं कधीचं?" मी यांना विचारलं.

"एरवी जेवण झालं की. कडी लावायला येतो तेव्हा. आज तू गिरणीवर, जेवण लांबणार, म्हणून म्हटलं आधीच उरकावं." यांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, बाबांना इथं येववत नसेल. आणि तुला तर नाहीच."

"मला वाटलं तुम्हा दोघांना येववत नसेल."

"आणि पोती लवकर संपतात म्हणून मी उंदरांचे सापळे लावले," हे म्हणाले.

"सापळ्यात काही सापडलं का?"

"नाही."

"सापडणार कसं? एक उंदीर गिरणीवर गेला होता."

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नव्हतं, जुनी सवय म्हणून तोंडातून निघालं. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, तो आमच्या घरी दाणा घालत होता. म्हणजे दिवसा झोपायच्या वेळेला त्यांना माझं खाणं, संध्याकाळी बाबांचं, रात्री यांचं. सगळा दाणा गुर्द्याभोवती जाऊन बसला होता.

"पिल्लं मेली ती?" सासऱ्यांनी विचारलं. "फुगून?"

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे. पोट फुगून मेलेली पिल्लं मला सापडायची तेव्हा मी कुणाला न सांगता कुंपणाच्या कडेला पुरायची. कशाला आणखी दुःख घरात आणा, असं वाटायचं.

"मीही पुरलीत," हे म्हणाले. "पलीकडच्या बाजूला."

सासऱ्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांनीही. कुंपणाच्या कडेची माती चिकट, खणायला जड. तिघांनी वेगवेगळ्या वेळी तीच माती खणली होती आणि घरात येऊन गुपचूप हात धुतले होते.

"विचारायचं तरी एकदा," मी म्हटलं. कुणाला म्हटलं, मलाही कळलं नाही. "तोंडं शिवली होती का सगळ्यांची? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, आपले ससे असून परत आले."

"तू का नाही विचारलंस?" हे म्हणाले.

माझ्या मानेला पिठाचं ओझं झालं होतं, ते मी खाली ठेवलं.

मग कुणी घालायचं यावर बोलणं आलं, आणि तिथं घोडं अडलं. कारण सोडायला कुणी तयार होईना. मोठ्यानं कुणी म्हटलं नाही, पण प्रत्येकाला ते काम हवं होतं. त्या शेडमध्ये पिंजऱ्यापुढं वाकलं की सासूबाई जवळ असल्यासारखं वाटायचं. घरात तसं वाटत नव्हतं. घरात फक्त त्यांची रिकामी जागा होती.

"दोन-तीन दिवस उपाशीच ठेवू सगळ्यांना," हे म्हणाले. "चरबी उतरेल."

"मरतील," सासरे म्हणाले. "सशाचं आतडं थांबलं की संपलं. ती सांगायची. कमी घाल, पण वेळेला घाल." मग म्हणाले, "मला द्या ते काम. मला दुसरं काय आहे?"

त्यांना दिलं.

आता सांगायला सोपं वाटतं, पण दुपारी ससे पाय आपटायचे. त्यांना माझ्या हातची सवय लागली होती. तारेला नाक लावून माझ्याकडे बघत बसायचे. मी मागच्या दारी भांडी घासत असले तरी ते पाय आपटणं ऐकू यायचं, भांडी दोनदा घासून व्हायची. एकदा यांच्या खिशातून चुरगळलेला घास निघाला. मी धुवायला घेतलेली विजार त्यांच्यापुढं धरली. "हे काय?"

"एकालाच दिला. तो कानतुटका बघत होता."

"तो सगळ्यांकडेच बघतो. असंच चाललं तर तुम्हाला मुकादमाकडे बघावं लागेल."

त्यानंतर खिशात काही निघालं नाही.

पिल्लं हळूहळू सुधारली. आधीसारखी भराभर फुगत नव्हती, यांना ते बघवत नव्हतं. रोज एखादं उचलून हातात तोलायचे आणि सुस्कारा टाकायचे. सासरे म्हणायचे, "आत्ता हाड धरतंय. मांस मागून येतं." एवढंच, आणि परत गप्प. मी मनात म्हणायची, चला, दिवसाला दोन वाक्यं तरी झाली.

आणि मग उलटा घोळ झाला. सासऱ्यांना थंडी बाधली, अंगात कणकण. ते खोलीत पांघरूण घेऊन पडले. मला वाटलं, दाणा घालून मगच पडले असणार. यांना वाटलं, मी घातला असणार. विचारायला जावं तर पुन्हा तेच, त्या विषयाला हात कोण लावणार. आधी तिघं घालत होतो, त्या दिवशी एकानंही घातला नाही. सकाळी शेड उघडली तर पिंजऱ्यांची लाकडी पट्टी कुरतडलेली, गवताचं शेवटचं काडं संपलेलं, आणि कडेच्या पिंजऱ्यात दोन पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली. पोटाला हात लावला तर दगड. एक दुपारी गेलं. दुसरं सासऱ्यांनी अंगात ताप असताना मांडीवर घेऊन पोट चोळत वाचवलं.

मेलेलं पिल्लू या वेळी मी कुंपणाला नेलं नाही. पडवीत आणून ठेवलं, दोघांच्याही समोर.

"घ्या," मी म्हटलं. "याला कोण पुरणार ते तरी एकमेकांना विचारा."

सासरे म्हणाले, "मी पडलो होतो. सांगायला हवं होतं."

"सांगायला नको होतं," मी म्हटलं. "ऐकू यायला हवं होतं. आई असताना कुणी कुणाला विचारत होतं का? डबा वाजला की कळायचं, नाही वाजला की कळायचं."

त्या गेल्यापासून घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. आई. मला वाटलं, आता सासरे परत चपला घालून वाफ्याकडे जातील. ते गेले नाहीत. आत जाऊन पांघरूण घेऊन पडले. हे पिल्लू उचलून घेऊन गेले.

त्या संध्याकाळी दिवे लागले तशी मी शेडमध्ये गेले. डबा खिळ्यावरून काढला. तळाला जुन्या दाण्याचं पीठ चिकटलेलं होतं आणि कडेला, त्या धरायच्या तिथं, पत्रा घासून गुळगुळीत झाला होता. मी बराच वेळ तो हातात धरून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ससे वाट बघत होते. मग मी रागानंच तो खांबावर आपटला. खण, खण, खण.

सगळे ससे उभे राहिले. जी पिल्लं सासूबाई गेल्यावर जन्मली होती, ती आयांकडे बघून उभी राहिली.

प्रत्येकाला एक डबा, सपाट. घालून बाहेर आले तर मागच्या दारी दगडावर पाणी सांडल्याचा आवाज येत होता. सासरे हात धुत होते. अंगावर पांघरूण तसंच, पाय अनवाणी. आवाज ऐकला आणि उठले, इतकंच. हात अर्धे धुवून झाल्यावर त्यांना आठवलं. ते थांबले, माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. तोवर हेही तिथं आले, त्यांच्याही बाह्या वर केलेल्या. मी दोघांना पुसायला पंचा दिला आणि ताटं घेतली. त्या दिवशी तिघंही एकाच वेळी जेवलो.

दिवस उबदार व्हायला लागले तेव्हा खाटीक माल घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन परत आला. पिशवी बघून यांचा चेहरा उतरला. मी ताट आधीच मागं घेतलं.

त्यानं ससा बाकावर ठेवला, पोट फाकवलं. गुर्दा समोर दिसत होता, भोवती पातळ पांढरी रेघ. मांडीवर अंगठा दाबला, खड्डा पडला आणि भरून आला.

"वजन जरा कमी आहे," हे घाईनं म्हणाले.

"असू दे की. खानावळवाला काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हणजे माल पसंत." खाटकानं ससा तिथंच ठेवून पिशवी झटकली. "हा तुमच्या घरी ठेवा. आणि पुढच्या खेपेचं मला आधी सांगा, दुसऱ्याला देऊ नका." जाता जाता खाटेकडे वळून म्हणाला, "बाबा, मोठ्या बाईचाच माल आहे हा."

सासऱ्यांनी मान डोलावली. उठून गेले नाहीत.

हे त्या आठवड्यात मुकादमाकडे गेले आणि येणार नाही म्हणून सांगून आले. मला सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हटलं. या वेळचं बरं वेगळं होतं, पण ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखा डबा वाजवून, दाणा घालून आत आले. सासरे पाटावर बसले होते. घास तोंडात घालायच्या आधी म्हणाले, "तू फार जोरात आपटतेस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सासूबाई गेल्यापासून ताटावर बसून आपणहून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते आणि बोलले ते हे.

"काय?"

"डबा. ससे दचकतात. दचकलेला ससा नीट खात नाही. ती हळू वाजवायची."

माझ्या हातात पळी होती. ती मी पातेल्यात ठेवली. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते मला कळलंच नाही. इतके महिने कुठं अडलं होतं कोण जाणे. पदरानं पुसत मी म्हटलं, "एवढं कळतं तर उद्यापासून तुम्हीच वाजवा. मला काय हौस नाही."

"वाजवेन," ते म्हणाले.

"वाजवा."

"वाजवेन म्हटलं ना."

हे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "वाढ की आता," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तसे सासरे शेडकडे गेले. मी चुलीपुढं कान देऊन बसले. इतका हळू वाजवला त्यांनी, की मला काही ऐकूच आलं नाही. उठून दारातून बघितलं, तर सगळे ससे उभे होते. मग मी हात धुवायला गेले.